'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स': मुलगी एक होती की पाच, याने काय फरक पडतो?

मंजिरी

जे. बी. प्रीस्टली यांचं 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' हे इंग्रजी नाटक इकडे इंग्लंडात दहावीच्या वयाच्या मुलांना अनेक शाळांत नेमलेलं असतं. यंदा लेकीमुळे ते आमच्या घरात आलं. तिची परीक्षा झाली, पुस्तक कपाटात गेलं, पण माझ्या डोक्यातून ते नाटक काही जात नाही. परीक्षेपुरतं मुलांना जे पढवतात त्यात आईबाप वाईट, मुलं सुधारलेली आणि इन्स्पेक्टर म्हणजे लेखकाचा आवाज, एवढं लिहिलं की उत्तर पूर्ण होतं. मला मात्र तिसऱ्या अंकातला एक युक्तिवाद फार छळतो. त्यावर इथल्या नाटकवेड्या मंडळींशी बोलायचंय. शेवट सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना आधी वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं. नाटकात आत्महत्येचा उल्लेख आहे, हेही सांगून ठेवते.

1912 चा वसंत. ब्रम्ली नावाचं कारखान्यांचं एक कल्पित इंग्रजी शहर. आर्थर बर्लिंग या कारखानदाराच्या घरी जेवणं आटोपली आहेत. मुलगी शीला हिचा जेरल्ड क्रॉफ्टशी साखरपुडा झालाय. जेरल्डचे वडील सर जॉर्ज हे बर्लिंगचे धंद्यातले प्रतिस्पर्धी, आणि घराण्याने त्याच्याहून वरचे. म्हणजे सोयरीक आणि धंदा, दोन्ही एकाच रात्री जुळतंय. बर्लिंग शुभेच्छा देताना म्हणतो की आता आपल्या दोन्ही कंपन्या मिळून खर्च कमी करतील आणि भाव चढे ठेवतील. पोटच्या मुलीच्या साखरपुड्यात हे बोलताना त्याला काहीच वावगं वाटत नाही. मग तो मुलांना शहाणपण शिकवायला लागतो. युद्ध होणार नाही, टायटॅनिक बुडणं शक्यच नाही, आणि माणसाने स्वतःचं आणि आपल्या माणसांचं बघावं, समाज वगैरे सगळं खूळ आहे. हे बोलणं चालू असतानाच दाराची घंटा वाजते.

आलेला इन्स्पेक्टर गूल सांगतो की एक तरुण मुलगी जंतुनाशक पिऊन आजच दवाखान्यात मेली. नाव ईव्हा स्मिथ. मग एकेकाची पाळी येते. बर्लिंगच्या कारखान्यातल्या मुलींना आठवड्याला सरासरी 22 शिलिंग 6 पेन्स पडत होते, त्यांनी 25 शिलिंग मागितले (तेव्हा 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड). संप झाला, पैसे संपले तसा मोडला, आणि पुढाकार घेणाऱ्या चार-पाच जणींना काढून टाकलं. त्यात ईव्हा. पुढे तिला मिलवर्ड्स या कपड्यांच्या दुकानात नोकरी लागते. तिथे शीला स्वतःला न शोभणारा झगा घालून बघत असते. ईव्हा हसली असं तिला वाटतं, आणि ही मुलगी इथे राहिली तर आमचं खातं बंद करायला लावीन, असं ती मॅनेजरला सुनावते. नोकरी जाते. मग डेझी रेंटन हे नवं नाव घेतलेल्या ईव्हाला जेरल्ड काही महिने ठेवतो आणि सोडून देतो. मग शीलाचा भाऊ एरिक, दारूच्या नशेत. त्याच्यापासून ती गरोदर राहते. शेवटी ती ज्या महिला मदत संस्थेकडे हात पसरते तिथे अर्ज फेटाळायला बसलेल्या असतात एरिकच्याच आई.

आता तो युक्तिवाद. इन्स्पेक्टर गेल्यावर जेरल्ड बाहेरून चक्कर मारून येतो. ओळखीच्या पोलिसाकडून त्याला कळतं की गूल नावाचा इन्स्पेक्टरच नाही. मग तो विचार करत जातो. फोटो एका वेळी एकालाच दाखवला, दुसऱ्याला बघू दिला नाही. तो एकाच मुलीचा होता कशावरून? बर्लिंगने काढलेली एक, शीलाने काढायला लावलेली दुसरी, मदत मागायला आलेली तिसरी असू शकेल. दवाखान्यात फोन करतात तर तिथे आज कोणी आत्महत्या करून आलेलंच नाही. लगेच पेले भरले जातात. बर्लिंग हसायला लागतो. जेरल्ड शीलासमोर अंगठी धरतो.

हा युक्तिवाद मला छळतो कारण तर्काला धरून आहे. एकच मुलगी होती याला खरोखर पुरावा नाही. पण म्हणून काय झालं? बर्लिंगने एका मुलीला कामावरून काढलं ते काढलंच. शीलाने एकीची नोकरी घालवली ती घालवलीच. बाईंनी एका गरोदर मुलीला दारातून परत पाठवलं ते पाठवलंच. मुली पाच असतील तर पाच जणींचं नुकसान झालं. हिशेबाने दोष वाढायला हवा. बर्लिंगांच्या दिवाणखान्यात तो शून्यावर येतो! साखळी तुटली म्हणजे प्रत्येकाकडे एक सुटी कडी उरली, आणि सुट्या कडीने कोणी मरत नाही.

शीला आणि एरिक हे मान्य करत नाहीत. आपण जे केलं ते केलंच, असं ती दोघं अडून सांगतात आणि घरच्यांना वेडी वाटतात. माझ्या मते नाटकातला खरा प्रश्न गूल कोण होता हा नाहीच. तो भूत होता, काळातून आलेला होता की तोतया, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. जेरल्डचं गणित आपल्याला एवढं पटण्यासारखं का वाटतं, याबद्दल मला तुमच्याकडून ऐकायचंय.

तिसरी घंटा

उत्तम धागा. रंगमंचाच्या बाजूने थोडी भर.

ईव्हा स्मिथ नाटकात एकदाही दिसत नाही. 1954 च्या चित्रपटात ती दिसते, 2015 च्या बीबीसीच्या रूपांतरातही दिसते, आणि दोन्हीकडे माझ्या मते नाटकाची मोठी ताकद जाते. मंचावर ती फक्त तिच्याशी वाईट वागलेल्यांच्या तोंडून कळते. तिच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. डायरी आहे म्हणतात, तीही इन्स्पेक्टरच्याच तोंडून. ती दिसत नाही म्हणूनच जेरल्डला तिचे पाच तुकडे करता येतात. चित्रपटात नटीचा एक चेहरा आपण पाहिला की 'एक की पाच' हा प्रश्न प्रेक्षकापुरता मिटला.

प्रकाशाबद्दल प्रीस्टली यांची सूचना स्पष्ट आहे. सुरुवातीला गुलाबी, आपलासा उजेड. इन्स्पेक्टर आला की प्रखर आणि कोरडा. अख्खं नाटक त्या एका खोलीत, सलग वेळेत घडतं. मध्यंतर झालं तरी पुढचा अंक तिथूनच सुरू होतो. म्हणजे घरच्यांना उठून जायला जागाच नाही.

1992 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये स्टीफन डॉल्ड्री यांनी ही खोलीच मोडून टाकली. बर्लिंगांचं घर खांबांवर उभं केलेलं, बाहुलीघरासारखं छोटं, आणि खाली ओला रस्ता, पाऊस. घर उघडतं आणि एकेक जण खाली रस्त्यावर येतो, जिथे इन्स्पेक्टर उभा आहे. शेवटाकडे घर कलंडतं, ताटवाट्या खाली कोसळतात. भोवती 1940 च्या दशकातल्या कपड्यांतली मूक माणसं उभी. तो प्रयोग पुढे वर्षानुवर्षं चालला.

आणि एडना! घरातली मोलकरीण. तिच्या वाट्याला मोजकी वाक्यं. इन्स्पेक्टर आल्याची वर्दी तीच देते. 'कोट्यवधी ईव्हा स्मिथ आपल्यात आहेत' हे ज्या घरात सुनावलं जातं त्याच घरात एक चहा करायला जागी बसलेली आहे, आणि तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. शीलासुद्धा नाही. डॉल्ड्रींनी एडनाला मंचावर बराच वेळ ठेवलं, ते योग्यच केलं.

गिरणगाव

पगाराच्या आकड्यांवर बोलतो, कारण या नाटकावरच्या लेखांत ते सगळे जण पटकन ओलांडून जातात.

22 शिलिंग 6 पेन्सवरून 25 म्हणजे अडीच शिलिंगांची वाढ. टक्क्यांत 11 च्या थोडं वर. बर्लिंग स्वतः सांगतो की मागणी मान्य केली असती तर मजुरीचा खर्च सुमारे 12 टक्क्यांनी वाढला असता. म्हणजे त्याने हिशेब केलेला आहे. कारखाना बुडेल असं तो म्हणतच नाही. कर्तव्य म्हणून नाही म्हटलं, म्हणतो. खर्च कमी ठेवणं हे त्याचं कर्तव्य! एरिक विचारतो, आपण मिळेल तेवढा जास्त भाव घेतो, मग त्यांनी जास्त मजुरी का मागू नये? बाप त्याच्यावर डाफरतो. आणि जेरल्ड तेव्हा काय म्हणतो बघा: बर्लिंगना दुसरं काही करताच आलं नसतं. हे तो शेवटच्या युक्तिवादाच्या कितीतरी आधी बोलून गेलाय. त्याचं गणित पहिल्या अंकापासूनच पक्कं आहे.

दुसरं, ईव्हाचा संप झाला त्या 1910 मध्ये इंग्लंडातल्या कामगार बाईला 22 शिलिंग 6 पेन्स हा त्या काळी चांगलाच पगार होता. त्याच वर्षी इंग्लंडातल्या क्रॅडली हीथ गावात साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी दहा आठवडे लढा दिला, कामगार पुढारी मेरी मॅकार्थर यांच्या पुढाकाराने. घरामागच्या भट्टीवर घण मारणाऱ्या या बायकांना आठवड्याला जेमतेम पाच-सहा शिलिंग मिळत. त्यांनी तासाला अडीच पेन्स हा किमान दर पदरात पाडून घेतला, म्हणजे 54 तासांच्या आठवड्याला 11 शिलिंग 3 पेन्स. ऑक्टोबर 1910 मध्ये त्या जिंकल्या. ईव्हाचा संप मोडतो तो सप्टेंबरअखेरीस, त्याच वर्षी.

प्रीस्टली यांनी ईव्हाला सगळ्यात गरीब केलेलं नाही. ती कामात हुशार आहे, फोरमन तिला बढती द्यायच्या विचारात होता. म्हणजे खालच्या पायरीवरून घसरण्यापेक्षा बऱ्या पायरीवरून घसरणं त्यांनी दाखवलंय. त्यात तिचा गुन्हा एवढाच की ती बोलली.

आपल्याकडे जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे 1982 च्या संपानंतरचं गिरणी कामगाराचं घर आहे, लालबाग-परळमधलं. प्रीस्टलींनी मालकाची खोली दाखवली आणि कामगाराला बाहेर ठेवलं. पवारांनी कामगाराची खोली दाखवली आणि मालक बाहेर राहिला. दोन्ही खोल्यांची दारं एकमेकांत उघडत नाहीत, हीच तर गोष्ट आहे.

ओवी

मला बर्लिंगबाईंविषयी बोलायचंय. शाळेतल्या उत्तरांत त्यांना 'थंड आणि गर्विष्ठ' म्हणून सोडून देतात. पण त्या एकट्याच अशा आहेत ज्यांचं कामच मदत करणं आहे! बाकीच्यांनी सहज, रागाच्या भरात, मोहाने केलं. बाईंनी समितीत बसून, विचारपूस करून, ठरवून नाही म्हटलं. आणि शेवटपर्यंत त्यांना पश्चात्ताप नाही.

त्यामागे त्या काळची एक पूर्ण व्यवस्था आहे. इंग्लंडात 1869 पासून चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने दानाला शिस्त लावली होती. अर्जदार मदतीला लायक आहे की नाही हे आधी तपासायचं. दारुडा, आळशी, चालीरीत बिघडलेली, खोटं बोलणारी माणसं नालायक. त्यांना पैसे देणं म्हणजे त्यांना आणखी बिघडवणं. ईव्हाने संस्थेत स्वतःचं नाव 'मिसेस बर्लिंग' सांगितलं. तिथेच बाईंचा निकाल झाला. मग बाळाच्या बापाने देऊ केलेले चोरीचे पैसे ती नको म्हणते हे त्यांना खरंच वाटत नाही. तिच्या थरातली मुलगी पैसे नाकारेल कशी, असं त्या विचारतात. ती खरं बोलली म्हणून तिला मदत मिळाली नाही.

तिला दुसरीकडे जायला जागा होती का? 1909 पासून पेन्शन मिळू लागलं ते सत्तरी गाठलेल्यांना, आठवड्याला 5 शिलिंगांपर्यंत. 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्यात बेकारी भत्ता होता, पण बांधकाम, यंत्रं, जहाजं अशा ठरावीक धंद्यांना, बहुतेक पुरुषांना. विमा उतरवलेल्या बायकांना बाळंतपणाचे 30 शिलिंग मिळू लागले जानेवारी 1913 मध्ये. 1912 च्या वसंतात ईव्हासमोर एक तर बर्लिंगबाईंची समिती, नाही तर वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारं सरकारी आश्रयघर. म्हणून त्या समितीतल्या खुर्चीला एवढं वजन येतं.

आणि नाटककाराची कारागिरी पाहा. पोराचा बाप कोण ते हुडका, त्याला चारचौघांत जबाब द्यायला लावा, असं बाई ठणकावून सांगतात. शीलाला कळून चुकतं, ती आईला थांबवू बघते, पण बाई बोलतच सुटतात. मग बाहेरचं दार वाजतं आणि एरिक आत येतो. मला आजवर वाचलेल्या नाटकांत इतका निर्दय पडदा दुसरा आठवत नाही.

दगडफूल

वाचतोय. बंगालीत याच नाटकावरून 'थाना थेके आसछि' आलेलं, 1965 चा चित्रपट, उत्तमकुमार इन्स्पेक्टर. मिळाला तर जरूर बघा.

अनिकेत पु.

धाग्याचा सूर मान्य आहे, तरी विरोधी बाजू मांडतो.

नाटक उपदेश करतं. इन्स्पेक्टरचं शेवटचं भाषण हे सरळ भाषण आहे: आपण सगळे एकाच शरीराचे अवयव आहोत, हे माणसं शिकली नाहीत तर आग, रक्त आणि यातना यांतून शिकतील. रंगभूमीवर असं सांगावं लागणं मला नाटकाची हार वाटते. रशियन नाटककार चेखव असता तर इन्स्पेक्टर आलाच नसता.

आणि ईव्हा फार चांगली आहे. कष्टाळू, देखणी, स्वाभिमानी, चोरीचा पैसा न घेणारी. ती उर्मट असती, दारू पीत असती, बर्लिंगबाईंशी नावाबरोबर पैशांबद्दलही खोटं बोलली असती तर? तेव्हाही तिला मदत मिळायला हवी होती, हे म्हणायची हिंमत प्रीस्टली दाखवत नाहीत. ओवी यांनी लायक-नालायक चाळणीबद्दल लिहिलंय. ईव्हाला इतकं निष्कलंक करून लेखकाने तीच चाळणी वापरली असं नाही का होत? ती लायक ठरली म्हणून आपण रडतो.

तिसरं म्हणजे, महागडं तिकीट काढून येणारा प्रेक्षक दोन तास शीलाबरोबर ओशाळतो, टाळ्या वाजवतो आणि टॅक्सीने घरी जातो. आपण बर्लिंग नाही, शीला आहोत, एवढं समाधान त्याला मिळतं. ही अपराधी भावना फार स्वस्तात मिळते.

मंजिरी

अनिकेत, ईव्हाच्या चांगुलपणाबद्दल तुमचं म्हणणं पटतं. ती जागा नाटकात कच्ची आहे. फक्त एक आठवण करून देते. ती किती चांगली होती हे आपल्याला सांगतात बर्लिंग, जेरल्ड, एरिक आणि इन्स्पेक्टर. मेलेल्या गरीब मुलीला गोड करून आठवणं हेही त्यांना सोयीचं आहे. जेरल्ड तर स्वतःला तिचा तारणहार समजूनच गोष्ट सांगतो. बारमध्ये ऑल्डरमन (शहरातला बडा नगरसेवक) मेगार्टीच्या तावडीतून सोडवलं, जेवायला घातलं, मित्राच्या रिकाम्या जागेत ठेवलं. यातलं काहीही खोटं नाही, आणि तरी सप्टेंबरमध्ये सोयीचं झालं तेव्हा तो निघून गेला.

गिरणगाव, तुमच्या हिशेबावरून मी आणखी एक केला. एरिकने वडिलांच्या ऑफिसातून पैसे उचलून तिला एकूण सुमारे 50 पौंड दिले. 50 पौंड म्हणजे 1000 शिलिंग. 22 शिलिंग 6 पेन्सच्या दराने ती जवळजवळ 44 आठवड्यांची मजुरी झाली. एवढी रक्कम मालकाचा मुलगा थोडी थोडी करून काढून घेतो आणि तो सांगेपर्यंत कंपनीला पत्ता नसतो. ईव्हा आणि तिच्या मैत्रिणींना अडीच शिलिंग जास्त देणं मात्र त्याच कंपनीला परवडत नव्हतं.

निळाई

एरिकबद्दल एक गोष्ट कोणी स्पष्ट म्हणत नाही, म्हणून मी म्हणते. पहिल्या रात्री तो तिच्या खोलीत तिच्या इच्छेविरुद्ध शिरतो. आत घेतलं नाहीस तर आरडाओरडा करीन, अशी धमकी देऊन. नाटकात हे दोन-तीन वाक्यांत उरकलंय. 1945 मध्ये रंगमंचावर याहून जास्त बोलता आलं नसतं असं म्हणता येईल. पण आजही लोक एरिकला 'बिचारा, बापाने दुर्लक्षिलेला, पश्चात्ताप झालेला तरुण' असं सांगतात तेव्हा मला राग येतो. नोकरी घालवणं आणि बलात्कार यांना इन्स्पेक्टर एकाच साखळीत ओवतो आणि 'प्रत्येकाने थोडंथोडं' असं म्हणतो. पाच जणांत दोष वाटण्याचा धोका मंजिरीताईंनी जेरल्डच्या बाबतीत सांगितला. मला तो खुद्द साखळीतही दिसतो. सगळे दोषी म्हटलं की सगळ्यात जास्त दोषी माणूस गर्दीत लपतो.

एरिकचा पश्चात्ताप खरा आहे हे मी नाकारत नाही. पण ज्या शिक्षेला तो पात्र होता ती देणारं नाटकात कोणीच नाही. इन्स्पेक्टरसुद्धा कोणालाच अटक करत नाही.

तिसरी घंटा

निळाई, शंभर टक्के सहमत. याच कारणाने अलीकडे एरिकचा प्रसंग गंभीरपणे वठवावा लागतो. नटाने तिथे 'दारू चढली होती' हा आधार घेतला की प्रसंग कोसळतो.

अनिकेत यांच्या उपदेशाच्या आक्षेपावर: ते भाषण कोणासमोर केलंय ते बघा. नाटक लिहिलं गेलं महायुद्ध संपत असताना, 1944-45 च्या हिवाळ्यात. लंडनमध्ये नाट्यगृह मिळेना म्हणून पहिला प्रयोग 1945 मध्ये सोव्हिएत संघात झाला. लंडनचा प्रयोग 1 ऑक्टोबर 1946 ला न्यू थिएटरमध्ये, ओल्ड विकच्या मंडळींचा. राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर, ॲलेक गिनेस एरिक. प्रेक्षागृहातल्या माणसांनी बॉम्ब झेलले होते, कित्येकांनी दोन्ही युद्धं पाहिली होती. त्यांना 'आग, रक्त आणि यातना' हा उपदेश कसा वाटेल? त्यांच्यासाठी ते घडून गेलेलं होतं. एरिक विशीतला, जेरल्ड तिशीचा. दोन वर्षांनी या वयाची मुलं कुठे असणार हे त्यांना ठाऊक होतं. बर्लिंग आपल्या मुलांना 1940 च्या सुखी जगाची स्वप्नं दाखवतो तेव्हा 1946 च्या प्रेक्षकाला काय झालं असेल!

सह्याद्री_यॉर्कशर

मी ब्रॅडफर्डला राहतो, म्हणून थोडं स्थानिक. प्रीस्टली इथले, जन्म 1894. वडील शाळामास्तर आणि समाजवादी. त्यांच्या जन्माच्या आधी, 1890-91 च्या हिवाळ्यात, इथल्या मॅनिंगहॅम मिल्समध्ये मजुरी कापली म्हणून मोठा संप झाला आणि कामगार हरले. त्या हरण्यातूनच 1893 मध्ये ब्रॅडफर्डमध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. अशा गावात हा मुलगा वाढला.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो लोकरीच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात कारकून झाला. साल 1910. ईव्हाला काढतात तेच. 1914 मध्ये सैन्यात गेला, जखमी झाला, त्याच्या बरोबरीची कितीतरी मुलं परत आली नाहीत. तेव्हा 1912 चं साल त्यांनी टायटॅनिकच्या विनोदासाठी निवडलं असं मला वाटत नाही. बर्लिंगसारख्या माणसांना त्यांनी जवळून पाहिलं होतं, टेबलापलीकडून.

1940 मध्ये बीबीसीवर रविवारी रात्री त्यांची भाषणं लागत, तेव्हा लाखो लोक ऐकत. युद्धानंतर जुन्याच घडीवर परत जायचं नाही, हा त्यांचा धोशा. 1945 च्या जुलैत मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला. ओवी यांनी लिहिलेलं सगळं, बेकारी, बाळंतपण, आजारपण, 1946 च्या राष्ट्रीय विमा कायद्यात आलं, आणि 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. म्हणून अनिकेत, टॅक्सीने घरी जाणाऱ्या प्रेक्षकाबद्दल तुमचं बरोबर असेल, पण त्या पिढीने नुसतं ओशाळून घेतलं नाही. बर्लिंगबाईंची खुर्चीच काढून घेतली. ईव्हाला आता कोणाला आवडावं लागत नव्हतं.

अनिकेत पु.

हा मुद्दा चांगला आहे. तरी माझा आक्षेप नाटकाला आहे, कायद्यांना नाही. नाटकात कायदा करा असं कोणी म्हणत नाही, दयाळू व्हा असं म्हटलंय.

ओवी

दयाळू व्हा असंही म्हटलेलं नाही हो. दया बर्लिंगबाईंच्या समितीत होतीच. इन्स्पेक्टर म्हणतो की एकमेकांना आपण जबाबदार आहोत. दया वाटली तरच द्यायची असते, जबाबदारी वाटो न वाटो पार पाडावी लागते.

मंजिरी

सह्याद्री, हे सगळं परीक्षेच्या पुस्तकांत असतं तर किती बरं झालं असतं.

जेरल्डच्या गणिताबद्दल मला इतकं का वाटतं ते सांगते. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा कोसळला. 1100 हून जास्त माणसं मेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायका. एकाच इमारतीत पाच कारखाने होते. तिथे शिवलेले कपडे इकडे ब्रिटनमधल्या दुकानांत विकले जात होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी सकाळी कामगारांना आत जायला लावलं. नंतर काही कंपन्या म्हणाल्या, त्या वेळी आमची ऑर्डर तिथे चालू नव्हती. काही म्हणाल्या, आम्ही दुसऱ्याला काम दिलं होतं, त्याने परस्पर तिथे दिलं. कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबलं शोधावी लागली. नुकसानभरपाईचा 3 कोटी डॉलरचा निधी पूर्ण भरायला 2015 चा जून उजाडला. फोटो आमच्या मुलीचा कशावरून, हाच प्रश्न विचारत दोन वर्षं गेली.

त्यातली कोणतीही कंपनी एकटी त्या बायकांना मारायला निघाली नव्हती, हेही खरं. बर्लिंगही नव्हता.

निळाई

शेवटच्या फोनबद्दल कोणी लिहिलंच नाही. बर्लिंग खुशीत असतानाच फोन वाजतो. एक मुलगी आत्ताच जंतुनाशक पिऊन दवाखान्याच्या वाटेवर मेली, आणि एक इन्स्पेक्टर चौकशीला येतोय. पडदा.

मला हा फोन नको होता. त्याने जेरल्डचा युक्तिवाद खोटा पाडला असं वाटतं, पण पाडलं काहीच नाही. फक्त शिक्षा परत आली. फोन वाजला नसता तर सकाळी त्या घरात काय झालं असतं, हे मला बघायचं होतं.

गिरणगाव

निळाई, मला तोच प्रश्न पडतो आणि उत्तर फार उत्साहाचं नाही. फोन आला नसता तर शीलाने काय केलं असतं? ती म्हणते, मला आता मिलवर्ड्समध्ये पाऊल टाकवणार नाही. म्हणजे दुसऱ्या दुकानात गेली असती. एरिक बापाचे 50 पौंड फेडत बसला असता. दोघांचंही दुःख खरं आहे, दोघंही मेलेल्या मुलीबद्दल बोलतात. पण संप मोडल्यावर जुन्याच दरावर कामाला परतलेल्या बाकीच्या मुली त्याच कारखान्यात आहेत. बर्लिंग सांगतो की तिथे काही शे तरुण मुली कामाला आहेत. सकाळी भोंगा झाला की त्या 22 शिलिंग 6 पेन्सवरच यंत्रापुढे उभ्या राहणार. अख्ख्या तिसऱ्या अंकात, इतक्या रडारडीत, 'बाबा, त्यांना 25 द्या' एवढं एक वाक्य कोणीही बोलत नाही. एरिकसुद्धा नाही, जो पहिल्या अंकात त्यांच्या बाजूने बोलला होता.

हे प्रीस्टलींच्या नजरेतून सुटलंय की त्यांनी मुद्दाम सोडलंय, यावर तिसरी घंटा यांचं मत ऐकायला आवडेल.

तिसरी घंटा

मुद्दाम, असं माझं मत. कारण ते वाक्य बोलायला एरिकला पूर्ण संधी आहे. बाप पैसे परत करायचं बोलतो तेव्हा तिथे मजुरीचा विषय सहज येऊ शकला असता. नाटककाराने तो येऊ दिलेला नाही. मी बसवलं तर त्या जागी एरिकला क्षणभर थांबवीन, बोलायला तोंड उघडेल इतपत, आणि तेवढ्यात बापाला पुढचं वाक्य घ्यायला लावीन. संहितेत बदल न करता हे होतं.

मंजिरी

मग हे नाटक मराठीत आणून आपण सगळे मिळून त्याचं अभिवाचन करूया. भाषांतराचा पहिला अंक मी करायला घेते. ओवी, बर्लिंगबाई तुम्ही वाचाल का? निळाई, एरिकचा कबुलीचा प्रसंग कसा वाचायचा ते आधी तुमच्याशी बोलून ठरवू. एडनाची वाक्यं कमी आहेत म्हणून ती कोणाला तरी जोडून द्यायची नाहीत. तिला स्वतंत्र माणूस हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसणारा. कोण येतंय ते इथेच लिहा.